‘स्टार्ट’वर जाऊनच बंद करा: भारनियमन, पेनड्राइव्ह आणि डिस्कतपासणीचा इतिहास

विंडोज ९८ चालणाऱ्या संगणकाची वीज कामाच्या मध्येच गेली, तर पुन्हा सुरू होताना तो आधी समज देत असे. यंत्र योग्य रीतीने बंद केले गेले नव्हते, डिस्कवर दोष असू शकतात, आणि हा संदेश पुन्हा पाहायचा नसेल तर यापुढे ‘स्टार्ट’ मेनूतून ‘शट डाउन’ निवडूनच संगणक बंद करावा, असा त्या इंग्रजी मजकुराचा आशय होता. त्यानंतर निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी संथपणे सरकू लागे. ती पूर्ण होईपर्यंत समोर बसलेल्याने हात जोडून वाट पाहायची.

पनवेलसारख्या गावात हा उपदेश ऐकणाऱ्याने बहुधा काहीच केलेले नसे. वीज गेलेली असे, इतकेच.

त्या पिवळ्या पट्टीचा इतिहास एका अमेरिकन प्रयोगशाळेत सुरू होतो. महाराष्ट्रात मात्र तो विजेच्या टंचाईशी, मराठी फाँटशी आणि खिशातल्या पेनड्राइव्हशी गुंतला. म्हणून सुरुवात विजेपासून केलेली बरी.

आजच्या रायगड जिल्ह्यातील खोपोलीत टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून वीज निघू लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पुढे मुंबई शहराचा वीजपुरवठा स्वतंत्र कंपन्यांकडे राहिला, तर उर्वरित राज्य वीज मंडळावर अवलंबून राहिले. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, तेव्हा मागणी आणि पुरवठा यांतील तूट काही हजार मेगावॉटच्या घरात जात होती. उपाय एकच उरला होता, भारनियमन. वितरणातील हानी आणि बिलांची वसुली पाहून विभागांचे गट पाडण्यात आले आणि गटानुसार अंधाराचे तास ठरले. मुंबई शहर त्यातून सुटले. खाडीपलीकडचे पनवेल महावितरणच्या हद्दीत असल्याने सुटले नाही.

नेमक्या याच वर्षांत संगणक गावोगावी पोहोचत होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या, म्हणजे एमकेसीएलच्या, एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून राज्यातील लक्षावधी लोक पहिल्यांदा माउस हाताळायला शिकले. संगणक नीट बंद कसा करावा, हा त्यांच्या पहिल्या काही धड्यांपैकी एक. विद्यार्थ्याने तो पाठ करावा आणि त्याच तासाला वीज जावी, हा योग दुर्मीळ नव्हता. यूपीएसची बॅटरी नवी असेल तर काही मिनिटे मिळत. जुनी असेल तर ती फक्त किंचाळत असे.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक होती. तालुक्याचे ठिकाण असल्याने तहसील, न्यायालय आणि दस्त नोंदणी एकाच गावात. अशा गावात अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, अहवाल आणि स्मरणिका तयार करणाऱ्या टंकलेखन व डीटीपीच्या दुकानांना तोटा नसतो. निळा पडदा सर्वांत जास्त पाहिला तो बहुधा या दुकानांनी. पण पडद्यामागे नेमके काय चालले होते?

त्यासाठी १९७० च्या दशकातील बेल प्रयोगशाळेत जावे लागते. युनिक्स या प्रणालीत फाइल लिहायची म्हणजे डिस्कवर एकाच वेळी अनेक ठिकाणी नोंदी करायच्या: मजकूर एका जागी, त्याचा पत्ता दुसऱ्या जागी, मोकळ्या जागेचा हिशेब तिसऱ्या जागी. मधेच यंत्र थांबले तर एक नोंद झालेली आणि दुसरी राहिलेली, अशी अवस्था होई. प्रारंभी या विसंगती शोधण्यासाठी वेगवेगळी लहान साधने होती आणि ती चालवणाऱ्याला डिस्कची रचना तोंडपाठ असावी लागे. टी. जे. कोवाल्स्की यांनी हे काम एका आज्ञावलीत आणले. तिचे नाव एफएससीके, म्हणजे फाइलप्रणालीची तपासणी.

ही आज्ञावली टप्प्याटप्प्याने सगळी डिस्क फिरून येई आणि प्रत्येक विसंगतीपाशी थांबून विचारत असे: दुरुस्त करू का? ज्या फाइलीला मजकूर आहे पण नाव नाही, ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवत असे. रेल्वे स्थानकावर बेवारस सामानासाठी खोली असते, तशीच ही सोय. पुढे बर्कलीच्या युनिक्समध्ये किरकोळ विसंगती न विचारता मिटवायची आणि गंभीर काही आढळले तर थांबून माणसाला हाक मारायची, अशी पद्धत रुळली. आपोआप होणाऱ्या दुरुस्तीची ही सुरुवात.

तपासणी यंत्र सुरू होतानाच का, याचेही सरळ कारण आहे. तपासनीस वही पाहत असताना कारकुनाने तिच्यात नव्या नोंदी केल्या, तर कोणाचाच हिशेब लागत नाही. वही मिटलेली हवी. आणि यंत्राच्या दिवसात वही मिटलेली असण्याची खात्री एकाच क्षणी असते: ते नुकतेच जागे झाले आहे आणि कोणी कामाला बसलेले नाही. या निवडीमागे एक गृहीतक दडले होते. डिस्क याच यंत्राची आहे, कायम याच्याच पोटात असते, आणि जे काही बिघडले ते इथेच बिघडले. मोठ्या लोखंडी कपाटाएवढ्या डिस्कच्या काळात यापेक्षा वेगळे कोणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते.

घरगुती संगणकाच्या बाजूला १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आले आणि त्यात ‘चेकडिस्क’ ही आज्ञा होती. तिचा पुढचा स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ती केवळ अहवाल देई. दुरुस्ती हवी असेल तर आज्ञेपुढे वेगळे अक्षर टंकावे लागे, म्हणजे माणसाने स्पष्ट संमती द्यावी लागे. १९९३ च्या डॉस ६.२ मध्ये स्कॅनडिस्क आले. १९९६ मधील विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीपासून, यंत्र अचानक बंद पडले असेल तर स्कॅनडिस्क स्वतःहून सुरू होऊ लागले. काही वर्षांत ‘सांगितले तर करीन’पासून ‘करतो, तुम्ही थांबा’पर्यंतचा प्रवास झाला. भारनियमनाच्या गावांना जो निळा पडदा परिचित आहे, तो हाच.

या तपासणीत नेमके काय जुळवले जाते, हे समजायला महाराष्ट्रात सातबाऱ्याइतके सोयीचे उदाहरण नाही. गावनमुना सात-बारा जमिनीनुसार चालतो: अमुक गट, त्याचे क्षेत्र, त्यावरची नावे. गावनमुना आठ-अ खातेदारानुसार चालतो: अमुक व्यक्ती आणि तिच्या नावे असलेल्या सर्व जमिनी. दोन्ही वह्या एकाच वास्तवाबद्दल बोलतात, म्हणून त्यांचा मेळ बसला पाहिजे. डॉसपासून चालत आलेल्या ‘फॅट’ पद्धतीच्या डिस्कवरही दोन वह्या असतात. एका यादीत फाइलीचे नाव, आकार आणि तिचा पहिला तुकडा कोठे आहे हे लिहिलेले. दुसऱ्या कोष्टकात प्रत्येक तुकड्यानंतर पुढचा तुकडा कोणता, याची साखळी.

मेळ बसला नाही की दोष दिसतात. कोष्टकात साखळी आहे, पण यादीत तिचे नाव नाही: जमीन कोणाच्या तरी ताब्यात दिसते, पण आठ-अ मध्ये कोणाच्याच खात्यावर नाही. दोन फाइली एकाच तुकड्यावर हक्क सांगतात: एकच गट दोघांच्या नावे चढला आहे. पहिल्या प्रकारच्या बेवारस साखळ्यांना चेकडिस्क क्रमांक देते आणि ‘फाइल शून्य शून्य शून्य शून्य’, पुढे ‘एक’, ‘दोन’ अशा नावांनी ठेवते. दुसऱ्या प्रकारात तिला ठरवता येत नाही की खरा मालक कोण. ती फक्त तंटा थांबवू शकते.

तुलना इथे संपत नाही. सातबारा संगणकावर आला, तेव्हा महाराष्ट्राच्या महसूल खात्यालाही हेच करावे लागले. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे तंतोतंत जुळावेत म्हणून एडिट आणि री-एडिटची मोहीम झाली. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, असे उतारे प्रणालीच शोधून देई. तलाठ्यांच्या बोलण्यात ‘ओडीसी अहवाल’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो, ते हेच. परंतु बेरीज जुळली म्हणजे नाव बरोबर आहे, असे होत नाही. वडिलांच्या जागी चुलत्याचे नाव पडले तरी क्षेत्राची बेरीज तीच राहते. म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घ्यावे लागले: उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने कान देऊन ऐकायचे. चूक निघाली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्ती.

पनवेल तालुक्यात हा फरक पुस्तकी नव्हता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर येथील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली आणि पुढे विमानतळबाधितांसाठी साडेबावीस टक्क्यांची. भूखंड मिळणार तो नोंदीतील नावाला. नोंद सुसंगत असूनही चुकीची असेल, तर सुसंगतीचे करायचे काय?

डिस्कच्या बाबतीत हीच मेख आहे. विंडोज एक्सपीचा संदेश पाहिला तर त्यात शब्द होता ‘कन्सिस्टन्सी’: तुमच्या एका डिस्कची सुसंगती तपासण्याची गरज आहे. यंत्राने शब्द अचूक वापरला होता, वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ मात्र ‘माझ्या फाइली वाचवल्या जात आहेत’ असा घेतला. यंत्र वाचवत होते आपले वहीखाते. फाइलीत काय होते हे त्याला ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक करून घेणे त्याचे कामही नव्हते.

तपासणी करायची की नाही हे यंत्राला कळते कसे? एका खुणेवरून. फॅटच्या कोष्टकातील पहिल्या दोन नोंदी कोणत्याही फाइलीसाठी वापरल्या जात नाहीत. त्यांपैकी दुसरीत, डिस्क मागच्या वेळी नीट मिटवली गेली होती का, हे सांगणारा एक बिट राखून ठेवलेला आहे. डिस्कवर लिहिणे सुरू झाले की खूण ‘अस्वच्छ’, नीट बंद झाले की पुन्हा ‘स्वच्छ’. सुरू होताना खूण अस्वच्छ सापडली, तर तपासणी. गंमत म्हणजे फ्लॉपीसाठी वापरल्या जाणाऱ्या फॅटच्या सर्वांत जुन्या प्रकारात या खुणेला जागाच नव्हती. फ्लॉपीने माहिती गमावली असेल पुष्कळ, पण तिने संगणकाला सुरू होताना कधी अडवून धरले नाही. विसरून आत राहिली तर तेवढे ‘ही डिस्क काढा’ असे तो सांगे.

आता यूएसबी. १९९६ मध्ये या जोडणीचा पहिला मापदंड आला. तो घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट हे अग्रगण्य, आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेले. गायकवाडांच्या नावाच्या विद्यापीठातून निघालेला हा धागा मराठी इतिहासाच्या वाचकाला सुखावेल, एवढेच त्याचे येथे प्रयोजन. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सचा ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. क्षमता ८ एमबीच्या आसपास. काही वर्षांतच हे उपकरण दुकानाच्या काउंटरवर ‘पेनड्राइव्ह’ या भारतीय नावाने मिळू लागले.

पेनड्राइव्ह सर्वत्र चालावा म्हणून तो फॅटमध्येच घडवला जाई. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस पद्धत आधी रोजनामचा लिहून मग प्रत्यक्ष नोंद करते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी रोजनाम्यावरून खाते पूर्ववत करता येते. फॅटमध्ये असा रोजनामचा नाही. म्हणजे सर्वांत जास्त फिरणारी, सर्वांत जास्त घाईने ओढून काढली जाणारी वस्तू सर्वांत जुन्या वहीवर चालू लागली. जुन्या गृहीतकाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. पेनड्राइव्ह कोणत्याही एका यंत्राचा नसतो. सकाळी तो घरी, दुपारी महाविद्यालयात, संध्याकाळी छापखान्यात. खूण एका यंत्रावर लागते आणि जाब दुसऱ्या यंत्रावर विचारला जातो. दुकानदाराच्या संगणकाला गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर अस्वच्छतेची खूण दिसते. ती कोणी, कधी आणि कशामुळे लावली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

सुरू होण्याच्या क्षणाचे महत्त्वही इथे ढळले. फिरत्या डिस्कचा खरा क्षण म्हणजे ती यंत्राला जोडली जाते तो. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांनी ते ओळखले आणि पेनड्राइव्ह खोचताच ‘तपासून दुरुस्त करायचे, की न तपासता पुढे जायचे’ असा प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाहेरून जोडायच्या मोठ्या हार्ड डिस्कचा मात्र घोळ राहिला. पेनड्राइव्ह स्वतःची ओळख ‘काढता येण्याजोगे माध्यम’ अशी देतो. बाहेरची हार्ड डिस्क, जोडणी यूएसबीचीच असूनही, बहुधा ‘स्थिर डिस्क’ अशी ओळख देते. त्यामुळे ती जोडलेली ठेवून यंत्र सुरू केले आणि तिच्यावर खूण असली, की जुना ‘ऑटोचेक’ तिला घरचीच समजून तपासायला घेई. मग भरलेल्या डिस्कसाठी अर्धा दिवस गेला तरी नवल नसे.

मायक्रोसॉफ्टने यावर सोय ठेवली होती. ‘चेकएनटीएफएस’ या आज्ञेने एखादी डिस्क सुरुवातीच्या तपासणीतून वगळता येते. पण वगळायची ती अक्षराने: ‘एफ’ वगळा, ‘जी’ वगळा. फिरत्या डिस्कला आज एफ मिळते आणि उद्या दुसरे काही जोडलेले असेल तर जी. त्यातून ही आज्ञा दुसऱ्यांदा दिली की पहिली यादी रद्द होते. डिस्क घरची असते या समजुतीवर उभे असलेले नियम फिरत्या वस्तूला कसे अपुरे पडतात, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

लिनक्समध्ये हेच एका साध्या कोष्टकात मावले. जोडायच्या डिस्कच्या यादीतील सहावा रकाना सांगतो की सुरू होताना तपासणी कोणाची आणि कोणत्या क्रमाने. मूळ डिस्कला १, इतरांना २, आणि ० म्हणजे तपासू नका. फिरत्या डिस्कला ० देण्याचा प्रघात पडला. यादीत नाव लिहिलेली यूएसबी डिस्क घरीच विसरली, तर यंत्र तिची वाट पाहत अडून बसे. त्यासाठी ‘नसेल तरी चालेल’ असा वेगळा शब्द लिहावा लागतो. जुन्या ईएक्सटी२ पद्धतीत तर डिस्क ठरावीक वेळा, साधारण वीस वेळा, जोडली गेली की खूण असो वा नसो, सक्तीने तपासणी होई. २००१ मध्ये रोजनामचा असलेली ईएक्सटी३ मुख्य लिनक्समध्ये आली आणि हळूहळू ही सक्ती मागे पडली.

पनवेलच्या, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही डीटीपी दुकानाच्या, दृष्टीने खरा घाव वेगळ्याच ठिकाणी बसत होता आणि संगणकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत तो सापडणार नाही.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे, पण मराठी छपाईचा व्यवहार कितीतरी वर्षे वेगळ्या मार्गाने चालला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम, तसेच आकृती ही त्या काळची साधने. त्यांचे फाँट रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे अवयव बसवत. काना एका जागी, अर्धा श दुसऱ्या जागी, वेलांटी तिसऱ्या जागी. तोच फाँट दुसऱ्या यंत्रावर नसेल तर मजकुराऐवजी रोमन चिन्हांचा कचरा दिसे. म्हणूनच मराठी मजकूर ईमेलने पाठवण्यापेक्षा फाइल आणि फाँट दोन्ही पेनड्राइव्हवर घालून छापखान्यात नेण्याची सवय लागली. मराठी पेनड्राइव्हवर जास्त विसंबली, ती अशी.

आता अशा पेनड्राइव्हवर दोष आला आणि यंत्राने तो दुरुस्त केला, असे समजावे. मूळ नाव गेले, बेवारस तुकडे क्रमांकाच्या नावांनी ठेवले गेले. इंग्रजी मजकूर असता तर नोटपॅडमध्ये उघडून दोन ओळी वाचताच ओळख पटली असती: हे भाडेकराराचे, हे स्मरणिकेचे. श्रीलिपीत टंकलेला मजकूर उघडला तर दिसणार चिन्हांचा ढीग. कोणता फाँट होता हे ठाऊक असल्याशिवाय ती लग्नपत्रिका आहे की न्यायालयातील कैफियत, हेही सांगता येत नाही. नाव गेले, आणि चेहराही ओळखू येईना. यंत्राच्या लेखी मात्र डिस्क आता निर्दोष होती.

उलट बाजूही आहे. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर आणि त्याच्या जातीचे अनेक विषाणू पेनड्राइव्हवरून पसरले, कारण खोचताच आतील आज्ञावली आपोआप चालवण्याची विंडोजची सवय. फोल्डर अदृश्य करून त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट ठेवणारा प्रकार तर सायबर कॅफेतून घरोघर गेला. लोकांना वाटे, डिस्क बिघडली. चेकडिस्क चालवली की ती सांगे, काहीही बिघडलेले नाही. तेही खरेच होते: फाइल लपवलेली असणे ही फाइलप्रणालीच्या लेखी चूक नव्हे. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने यूएसबीवरील हे आपोआप चालणे बंद करणारा बदल सर्वत्र पाठवला. स्वस्त बाजारातील बनावट पेनड्राइव्हचेही तसेच. प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी क्षमता सांगणाऱ्या अशा पेनड्राइव्हवरचा वहीखात्याचा भाग शाबूत असतो. सुसंगती तपासणारा त्याला उत्तीर्ण करतो. मजकूर मात्र कधी लिहिलाच गेलेला नसतो.

यथावकाश यंत्रे शहाणी झाली. २०१२ च्या विंडोज ८ ने एनटीएफएससाठी काम चालू असतानाच दोष शोधून ठेवण्याची आणि सुरू होताना तेवढीच जागा दुरुस्त करण्याची रीत आणली. तास सेकंदांवर आले. २०१८ च्या विंडोज १० च्या एका सुधारणेत बाहेरच्या सर्व डिस्कसाठी, लिहिणे लांबणीवर टाकायचे नाही, हे मूळ धोरण ठरले, म्हणजे घाईने काढल्यास होणारे नुकसान कमी. भारनियमनही दशकभरात ओसरले. निळा पडदा विस्मृतीत गेला.

दुरुस्तीच्या आपोआपपणाचा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळ्याच कारणाने सतावतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. दुरुस्ती करणारा स्वतः ज्ञानी होता आणि त्याला मजकुराचा अर्थ कळत होता. तरीही त्यापूर्वीचा पाठ कसा होता, हा प्रश्न उरलाच. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुनी पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली, ती या शोधापोटी. अर्थ जाणणाऱ्याच्या दुरुस्तीनंतर ही स्थिती, तर अर्थ न जाणणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीनंतर जुनी अवस्था शोधायची कोठे? चेकडिस्क पाठभेद तळटीपेत देत नाही. ती मूळ नोंदीवरच नवी नोंद लिहिते.

आजच्या कार्यालयांतील, संस्थांतील आणि व्यक्तींच्या संग्रहांतील कागद उद्याच्या संशोधकापुढे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क यांच्याच रूपात येणार आहेत. न्यायालयांपुढे ते आधीच येत आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण. एक बिट बदलला तरी ती सगळीच बदलते. एखाद्याने सद्हेतूने असा पेनड्राइव्ह साध्या संगणकाला लावला आणि ‘तपासून दुरुस्त करा’वर बोट ठेवले, तर संपूर्ण पेनड्राइव्हची ओळखखूण तिथेच बदलते.

म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळांत, आणि आता काळजी घेणाऱ्या अभिलेखागारांतही, डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये लेखन अडवणारे उपकरण बसवतात. आधी बिटशः प्रत काढायची, दोन्हींचे हॅश जुळवायचे, आणि तपासणी किंवा दुरुस्ती जी काय करायची ती प्रतीवर. मूळ पेनड्राइव्हवर, फॅटच्या कोष्टकातील त्या दुसऱ्या नोंदीत, ‘अस्वच्छ’ ही खूण असेल तर तीही तशीच ठेवली जाते. त्यावर शेवटचे लिहिणे नीट संपले नव्हते. मध्येच वीज गेली असेल किंवा कोणी घाईने तो उपसून काढला असेल. मूळ पेनड्राइव्हवर एवढी माहिती त्या एका बिटात असते.